बॉडी बदलून मिळेल

भंडाऱ्यात गांधी चौकातून बाजाराकडे जाताना एका मोबाइलच्या दुकानावर जुनी पाटी अजून लटकते आहे : 'सर्व कंपनीच्या मोबाइलची बॉडी बदलून मिळेल.' पाटी नोकिया ११०० च्या काळातली. २००३ साली आलेला तो फोन जगभरात पंचवीस कोटींच्या वर खपला. तेवढ्या बॉड्या कधी ना कधी घासल्या, फुटल्या, हळदीच्या हाताने पिवळ्या पडल्या. आतल्या यंत्राला सहसा काही होत नसे. मग पुढचे पॅनल, मागचे झाकण आणि किपॅडचे रबर असा संच बदलायचा, आणि गिऱ्हाईक नवा फोन घेतल्याच्या ऐटीत पायऱ्या उतरायचे. पारदर्शक बॉडी मिळे, चंदेरी मिळे, आणि शौकिनांसाठी 'रेडियम'ची, म्हणजे दिवा घालवला की हिरवट चमकणारी.

आता फोनची पाठ काचेची आणि गोंदाने चिकटवलेली. बॉडी बदलायचा खर्च ऐकून माणूस फोनच बदलतो. पाटी मात्र कोणी काढलेली नाही.

•

दिवाळीला भाचा पुण्याहून आला तो खिशात छोट्या पेचकसांची पेटी घेऊन. कॉम्प्युटरच्या नोकरीतली ही मुले सुट्टीत हाताला काम शोधतात, हे बरे लक्षण. याने जुने गेम दुरुस्त करायचा नाद लावून घेतला आहे. म्हणाला, "मामा, तुमच्याकडे तो गेम बॉय होता ना? न्यू जर्सीवाल्या मावशीने आणलेला? काढा. शेल आणलाय."

शेल म्हणजे बॉडीच. प्लास्टिकच्या पिशवीत दोन अर्ध्या वाट्या, बटणे, रबराच्या पट्ट्या, स्क्रू. रंग दह्याच्या निवळीसारखा, फिका हिरवट. दिवसा पाहिला तर कोणी विकत घेणार नाही असा.

•

खरे तर गेम बॉय हा भंडाऱ्याचा खेळ नव्हे. ज्यांचे कोणी अमेरिकेत किंवा दुबईत, त्यांच्या घरी तो यायचा आणि पाहुण्यांना दाखवण्यासाठी शोकेसमध्ये बसायचा. आमच्या पोरांच्या हातातला खेळ म्हणजे ब्रिक गेम. महाशिवरात्रीला गायमुखच्या यात्रेत, फुगे आणि प्लास्टिकच्या बंदुकांच्या मधोमध, '९९९९ इन १' असे छापलेले ते डबडे टांगलेले असे. खेळ प्रत्यक्षात मोजकेच; त्यांचेच वेग आणि पायऱ्या बदलून तो आकडा फुगवलेला. दोन पेन्सिल सेल टाकले की टेट्रिसच्या विटा पडायला लागायच्या. टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम ज्यांच्याकडे होता ते श्रीमंत. त्याची कॅसेट चालली नाही की तिच्या तोंडात फुंकर मारायची, हे ज्ञान शाळेत न शिकवता सगळ्यांना होते.

त्याच यात्रेत रेडियमच्या मूर्तीही मिळायच्या. साईबाबा, हनुमान, गणपती. रात्री टीव्हीवर ठेवलेला हिरवा हनुमान झोपताना दिसायचा. आईने नवा शेल पाहिला आणि पहिला प्रश्न केला, "हे यात्रेतलंच प्लास्टिक ना?" चूक काहीच नव्हते.

•

आमच्याकडला गेम बॉय ॲडव्हान्स आहे, २००१ सालचा. २.९ इंचांचा पडदा, आडवा आकार, दोन्ही खांद्यांवर एकेक बटण. यंत्र उत्तम, पण पडद्याला स्वतःचा उजेड नाही. बाहेरून पडलेला प्रकाश परतवून तो चित्र दाखवतो. खोलीत एक ट्यूबलाइट असेल तर मान, मनगट आणि ट्यूब यांचा कोन जुळवत बसावे लागते. अमेरिकेत लोक इतके वैतागले की २००२ मध्ये 'आफ्टरबर्नर' नावाचा संच निघाला. यंत्र उघडून पडद्यासमोर दिवा बसवायचा, तोही स्वतःच्या जबाबदारीवर. पुढच्या वर्षी गेम बॉय बनवणाऱ्या निन्टेन्डोने शहाणे होऊन एसपी हे दिवा असलेले, पाकिटासारखे मिटणारे यंत्र काढले.

भंडाऱ्याच्या उन्हात मात्र हा पडदा राजा आहे. चैत्रात दुपारी ओसरीवर बसा, मोबाइलचा पडदा काळा ठिक्कर पडतो आणि हा झकास दिसतो.

•

पडद्याला दिवा का नव्हता, याचे उत्तर गुनपेई योकोई या माणसाकडे जाते. निन्टेन्डोचा अभियंता. बुलेट ट्रेनमध्ये कंटाळलेला एक नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणे दाबत बसलेला त्याने पाहिला आणि त्यातून १९८० साली 'गेम अँड वॉच' निघाले, अशी गोष्ट सांगतात. अधिकच्या चिन्हासारखे चार दिशांचे बटण हीही त्याचीच देणगी. १९८९ चा पहिला गेम बॉय त्याच्या हाताखाली तयार झाला. त्याचे मत असे की, सगळ्यात नव्या तंत्राच्या मागे धावू नये. जे तंत्र जुने, स्वस्त, सगळ्यांच्या हाताखालून गेलेले आहे, ते घेऊन त्याचा वेगळाच उपयोग काढावा.

म्हणून राखाडी-हिरवा पडदा. स्पर्धक सेगाच्या गेम गियरला रंग होता, मागून दिवा होता, आणि सहा पेन्सिल सेल तीन ते पाच तासांत संपत. गेम बॉय चार सेलांवर त्याच्या कितीतरी पट चालायचा. ॲडव्हान्सने तर दोन सेलांवर पंधरा तास काढायचे, असा कंपनीचा हिशोब होता. दिवा नसणे ही कंजुषी नव्हती, सेलचा हिशोब होता.

आमच्या बाजूच्या मिस्त्रीला हे मत सांगितले तर तो म्हणेल, यात नवीन काय सांगितलं जी?

•

सेलवरून आठवले. आमच्या जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्गला मॉइल कंपनीची मँगनीजची उघडी खाण आहे. चिखल्याची खाण जमिनीखालची, तीही याच तालुक्यात. डोंगरीच्या खनिजाची ख्याती ही की, त्यात ड्राय बॅटरीला लागणारे मँगनीज डायऑक्साइड आहे. तिथेच विजेच्या साहाय्याने शुद्ध मँगनीज डायऑक्साइड बनवण्याचा कारखानाही आहे. पेन्सिल सेलचे झाकण काढून पाहिले तर आतली जी काळी भुकटी हाताला चिकटते, ती बहुतेक हीच. जस्त आपले इलेक्ट्रॉन देते, मँगनीज डायऑक्साइड ते घेते, आणि मधल्या वाटेवर आपला खेळ चालतो.

या खाणी इंग्रजांच्या वेळच्या. १८९६ मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटपासून ही कहाणी सुरू होते. १९६२ मध्ये सरकार आणि ती ब्रिटिश कंपनी मिळून मँगनीज ओअर इंडिया झाली, १९७७ मध्ये पूर्ण सरकारी झाली, आणि २०१० मध्ये नावच मॉइल ठरले. मुख्यालय नागपूरला.

तुमसरच्या पोरांनी यात्रेतून आणलेल्या ब्रिक गेममध्ये त्यांच्याच तालुक्यातली माती कधी ना कधी जळाली असेल. नक्की कोणत्या सेलमध्ये कोणती माती, हे सेलवर छापत नाहीत.

•

उघडण्याचा सोहळा. मागे सहा स्क्रू तीन पाकळ्यांचे. साधा पेचकस बसत नाही. कोणीही उठून यंत्र उघडू नये म्हणून कंपनीने घातलेली ही कुलपे. आता किल्ली पुण्याच्या पोराच्या खिशात असते. सातवा स्क्रू सेलच्या कप्प्यात, तो साधा. आत गेल्यावर आणखी तीन, ते सर्किटची पाटी धरून ठेवणारे.

मग पडद्याची चपटी पट्टी. ती एका छोट्या खिटीत अडकवलेली असते. खिटी नखाने हळूच वर करायची. इथे जोर लावला तर यंत्र शोकेसमध्ये परत, कायमचे. त्यानंतर खांद्यावरची बटणे. त्यांत केसाएवढ्या स्प्रिंगा आणि बारीक लोखंडी काड्या. भाचा म्हणाला, "मामा, पंखा बंद करा आणि श्वास जपून घ्या." तरी एक स्प्रिंग उडालीच आणि फराळाच्या डब्याखाली सापडली.

बटणांखालची रबरे जुनीच ठेवली. पिशवीतली नवी दाबून पाहिली तर फार कडक. जुन्या रबराखालचा कार्बनचा ठिपका शाबूत होता. वीस वर्षे मुलांच्या अंगठ्यांनी मऊ केलेल्या रबराला बदली माल पुरा पडत नाही.

•

नव्या शेलवर 'गेम बॉय' लिहिलेले नाही. जिथे नाव असायचे तिथे कोरी जागा. नावाचा हक्क कंपनीचा, बॉडी दुसऱ्याची. मोबाइलच्या दुकानातल्या बॉड्यांवर मात्र 'नोकिया' ठळक छापलेले असे, आणि ते नोकियाने छापलेले नसे हे सगळ्यांना ठाऊक होते.

•

जोडणी झाली. दिवा घालवला.

बॉडी चमकली. झकास चमकली. बटणांच्या कडा, सेलच्या झाकणाची खाच, सगळे हिरवे. आणि मधोमध पडदा, काळा. गेम चालू आहे, संगीत वाजते आहे, मारिओ कुठल्यातरी खड्ड्यात पडतो आहे, दिसत काही नाही. घराच्या भिंती लखलखीत आणि आत दिवा नाही, असा प्रकार.

भाचा गंभीरपणे म्हणाला, "म्हणून मामा, याच्याबरोबर आयपीएस पडदा पण घेतात." नवे पडदे मिळतात, आतून उजळणारे, मूळ पडद्यापेक्षा शंभरपट बरे. ते बसवायला शेलच्या आतली काही प्लास्टिकची धार कापावी लागते, किंवा आधीच कापलेला शेल मागवावा लागतो. पण पडदा उजळला की डोळे दिपतात आणि शेलची चमक दिसेनाशी होते. म्हणजे चमक पाहायची तर खेळ बंद, खेळायचे तर चमक गेली.

मला ही गोष्ट फार आवडली. इतका निरुपयोगी शोध इतक्या काळजीने बनवलेला.

•

दोन दिवसांनी तो शेलचा दुसरा रिकामा संच (पोराने दोन आणले होते) घेऊन मी त्या पाटीच्या दुकानात गेलो. कुतूहल. दुकानदाराने उलटापालटा करून पाहिला, काउंटरखाली नेऊन हाताच्या ओंजळीत अंधार केला आणि डोकावला.

"हे काय होय जी? सिम कुठी टाकतेत याच्यात?"

सांगितले. तो हसला. मग व्यापाऱ्याला साजेसा प्रश्न : "रेडियम किती दिवस टिकते?"

•

या प्रश्नाचे उत्तर द्यायला थोडे रसायन लागते, आणि ते गमतीचे आहे.

जुन्या हिरव्या हनुमानात झिंक सल्फाइड असे, तांब्याचा अंश टाकलेले. दिवा घालवल्यावर पाच-दहा मिनिटांत मलूल. १९९३ मध्ये जपानच्या नेमोतो कंपनीने स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटची भुकटी काढली. तिच्यात युरोपियम आणि डिस्प्रोशियम या दोन दुर्मीळ मूलद्रव्यांचा चिमूटभर अंश. ती जुन्यापेक्षा सुमारे दहापट जास्त चमकते आणि तासन्‌तास चमकते. आजचे चांगले शेल याच भुकटीचे.

काम असे चालते : निळा किंवा अतिनील प्रकाश पडला की युरोपियममधले इलेक्ट्रॉन उसळतात. काही लगेच खाली येतात, काही स्फटिकातल्या खड्ड्यांत अडकतात. हे खड्डे करण्याचे काम डिस्प्रोशियमकडे. अडकलेल्याला बाहेर काढते ती साधी उष्णता, खोलीतली. एकेक इलेक्ट्रॉन सुटतो, युरोपियमकडे परततो आणि जाता जाता हिरवा प्रकाश सोडतो. पहिल्या काही मिनिटांत गर्दी, मग रेंगाळत रेंगाळत शेपूट.

हिरवाच का? एक कारण रसायनाचे, दुसरे डोळ्याचे. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला निळसर हिरवा प्रकाश सगळ्यांत जास्त दिसतो. लाल चमक बनवणे अवघड, आणि बनवली तरी अंधारात डोळा तिची कदर करत नाही. निळे आणि जांभळट शेल मिळतात, पण ते हिरव्यापेक्षा मंद.

काळा चमकणारा शेल कधीच मिळणार नाही. गडद रंग टाकला की तो येणारा उजेडही खातो आणि जाणाराही.

तर दुकानदाराच्या प्रश्नाचे उत्तर : एका रात्रीपुरते म्हणाल तर बऱ्यापैकी. पहाटे चारला पाणी प्यायला उठलात, डोळे अंधाराला सरावलेले आहेत, तर टेबलावर हलका डाग दिसतो. आयुष्य म्हणाल तर पुष्कळ, कारण दर वेळी भरायचे आणि रिकामे व्हायचे, झिजत काही नाही. पाण्याने मात्र उघडी भुकटी खराब होते. प्लास्टिकमध्ये असली की तिला संरक्षण.

•

उष्णता हे कारण असेल तर भंडाऱ्यात हा माल वेगळा वागला पाहिजे, असे मला वाटले. वागतोच. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना, पंख्याचाही वारा गरम, तेव्हा भरलेला शेल जोरात चमकेल आणि लवकर विझेल. महाबळेश्वरला डिसेंबरात तोच शेल मंद चमकेल आणि जास्त वेळ.

दिवाळीत ४५ अंश कुठले. भाच्याने रिकामा शेल बल्बखाली भरला आणि फ्रीजरमध्ये ठेवला, बर्फाच्या ट्रेवर. अर्ध्या तासाने अंधारात काढला. जवळजवळ मेलेला. मग हातात धरला आणि हाताच्या उबेने पंजाच्या आकारात उजळू लागला. बोटे उचलली तर त्यांचे ठसे हिरवे.

आई म्हणाली, "फ्रीजमध्ये दूध आहे, कडेला ठेवायचं होतं." तिचा विरोध तेवढाच.

•

रेडियम. भंडाऱ्यात, नागपुरात, सगळीकडे हा शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टींना चालतो : नंबरप्लेटवर चिकटवायचा कागद, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागची लाल-पिवळी पट्टी, आणि हा अंधारात चमकणारा माल. पहिले दोन स्वतः चमकत नाहीत. त्यांच्यात बारीक काचेचे मणी किंवा कोनाच्या खाचा असतात आणि ते गाडीच्या दिव्याचा प्रकाश आल्या वाटेने परत पाठवतात. धानाच्या हंगामात पट्टी नसलेली ट्रॉली लाखनीच्या रस्त्यावर उभी असली की हा फरक समजतो, पण तेव्हा उशीर झालेला असतो.

खरे रेडियम या तिघांतही नाही, आणि नसलेलेच बरे.

•

खरे रेडियम कुठे होते ते लिहून ठेवतो. न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावात, १९१७ पासून, घड्याळांच्या तबकड्यांवर. 'अनडार्क' नावाचा रंग : झिंक सल्फाइड आणि त्यात रेडियम, जे त्याला रात्रंदिवस आतून चेतवत राही. उजेडात भरायची गरजच नाही. रंगवणाऱ्या तरुण मुली. कुंचल्याचे टोक बारीक व्हावे म्हणून ते ओठांत धरायला त्यांना सांगितलेले होते. रेडियम हाडांत जाऊन बसले. जबडे झडले, कित्येकींचा जीव गेला. त्यांनी कंपनीला कोर्टात खेचले आणि १९२८ मध्ये तडजोड झाली. कामगारांच्या सुरक्षिततेच्या कायद्यांत त्यांच्या दाव्याचा वाटा मोठा.

त्या घड्याळांचे काटे आज चमकत नाहीत, कारण झिंक सल्फाइड किरणांच्या माऱ्याने कधीच खलास झाले. रेडियमचे अर्धायुष्य मात्र सुमारे १६०० वर्षांचे. चमक गेली, विष आहे तसेच.

आमचा गेम बॉय त्याच राज्यातून आला, ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे उशिरा, निर्धोक.

•

बोलोन्याचा चांभार. इटलीतल्या त्या गावात विन्चेन्झो काशारोलो नावाचा माणूस होता, जोडे शिवायचा आणि फावल्या वेळात किमया करायचा. १६०२-०३ च्या सुमारास गावाबाहेरच्या डोंगरात त्याला जड दगड सापडले. एवढे जड म्हणजे आत सोने असणार. कोळशाबरोबर भाजले. सोने निघाले नाही. पण उन्हात ठेवून अंधारात आणले की दगड निखाऱ्यासारखा चमके. युरोपभर विद्वानांनी तुकडे मागवले, ग्रंथ लिहिले. उजेड पिणारा दगड, असे त्यांना वाटले. आज सांगायचे तर बॅराइटचे बेरियम सल्फाइड झालेले.

या सगळ्या शेलांचा मूळ पुरुष हा. पेटंट त्याच्या नावावर नाही.

•

२००५ नंतरची काही वर्षे आठवा. भारनियमन. आमच्याकडे शहरात ठरलेल्या वेळा, खेड्यात वेळाच वेळ. संध्याकाळी दिवे गेले की कंदील, मेणबत्ती, मग चिनी चार्जिंगचा दिवा, आणि नोकियाच्या डोक्यावरचा टॉर्च. वस्तू शोधणे हा घराघरातला कार्यक्रम. काडेपेटी कुठाय? औषधाची बाटली? शेजारच्या दारावर रेडियमचा 'ॐ' होता, त्यावरून अंधारात घर ओळखू यायचे.

त्या काळात हा शेल आला असता तर मी त्याला निरुपयोगी म्हटले नसते. गेम अंधारात खेळता आला नसता, पण सापडला तरी असता. आता आमच्या गल्लीत रात्रभर पांढरे एलईडी. माझ्या खोलीत अंधार करायला जाड पडदे लावावे लागले, चमक बघायला. माल आला तेव्हा गिऱ्हाईक उठून गेले होते.

मग आवडला का? आवडला. बॉडी बदलणे शहाणपणाचे, चमक ही हौस. आणि हौसेला उपयोग विचारायचा ठरवला तर दिवाळीतला आकाशकंदीलही काढून ठेवावा लागेल.

•

दर मे-जूनमध्ये ओळखीतले कोणीतरी मुंबईहून फोन करते : "तुमच्याकडे काजवे बघायला यायचंय." त्यांना भंडारदरा म्हणायचे असते. ते नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये. आमच्यापासून अख्खे राज्य ओलांडून. मी आता दुरुस्ती करत नाही. म्हणतो, या. काजवे कोकाच्या जंगलाच्या कडेलाही असतात, फक्त त्यांचे बुकिंग होत नाही.

काजव्याला उन्हात ठेवावे लागत नाही, हे शेलला सांगू नये.

•

आखाती युद्धातला एक गेम बॉय आहे. १९९०-९१ मध्ये अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर हल्ला झाला, आग लागली, त्यात हा सापडला. बॉडी वितळून काळी, बटणांच्या जागी डाग. नव्याने वीज दिली आणि तो चालू झाला. न्यूयॉर्कमधल्या निन्टेन्डोच्या दुकानात बरीच वर्षे तो काचेत ठेवलेला होता, टेट्रिस दाखवत.

त्याला नवी बॉडी घातली असती तर कोणी ढुंकून पाहिले नसते.

•

भंडारा पितळेचे गाव. भाण म्हणजे पितळ, त्यावरून गावाचे नाव पडले असे सांगतात. कासारांच्या दुकानात आजही जुन्या भांड्याची मोड चालते : फुटका हंडा वजन करून द्या, घसारा सोडून नवा न्या. जुना हंडा भट्टीत जातो आणि परत हंडाच होतो, हवे तर लोटा.

शेलच्या मोडीला भाव नाही. एबीएस प्लास्टिक वितळते, पण चमकणारी भुकटी त्यातून वेगळी निघत नाही. ही भुकटी इतकी कठीण की साचा भरणाऱ्या यंत्राचा पोलादी स्क्रूही घासते, आणि घासून निघालेल्या लोखंडाने माल करडा पडतो. म्हणून चांगला शेल बनवणारे कारखाने सांभाळून काम करतात आणि स्वस्तातला शेल राखाडी दिसतो. आमचा त्यातला नव्हता, निदान भाच्याने तसे छातीठोक सांगितले.

जुनी जांभळी बॉडी त्याने फेकली नाही. आईने बटणाच्या डब्यात ठेवली.

•

एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मीळ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. यादीत डिस्प्रोशियम होते. जगाला चिंता मोटारींच्या चुंबकांची. शेलमधले चिमूटभर डिस्प्रोशियम कोणाच्या खिजगणतीत नाही. तरी मोबाइलच्या दुकानात बसून, पन्नास ग्रॅमच्या प्लास्टिकच्या निमित्ताने, जागतिक व्यापारावर अर्धा तास बोलता येते, हे मी करून पाहिले. चहा दुकानदाराने दिला.

•

शेल उन्हात भरू नये, अशी सूचना भाचा जाताना देऊन गेला. ऊन चार्ज झटपट करते, पण उन्हातल्या अतिनीलने एबीएस पिवळे पडते आणि ठिसूळ होते. पहिल्या गेम बॉयच्या राखाडी बॉड्या जगभर पिवळ्या झाल्या त्या अशाच. साधा बल्ब फार हळू भरतो, कारण त्याच्या उजेडात पिवळा-तांबडा भाग जास्त, निळा कमी. एलईडी बरा.

सगळ्यांत उत्तम दिवा आमच्या किराणा दुकानात सापडला. पाचशेच्या नोटा तपासायचा निळा दिवा. त्याखाली नोटेतले तंतू आणि क्रमांक उजळतात आणि दिवा हलवताच विझतात, कारण नोटेतल्या शाईत इलेक्ट्रॉन अडकायला खड्डे नाहीत. शेल पाच सेकंद धरला आणि असा पेटला की रांगेतल्या बाईने पिशवी खाली ठेवली.

किराणावाला म्हणाला, "अस्सल आहे."

मग नातवाला हाक मारून म्हणाला, "याचा मोबाइलचा कव्हर भेटते का विचार."

भाच्याला विचारले आहे. म्हणतो, मिळतो, पण मॉडेल नंबर पाठवा.